टाकवाले मामा आणि आमचा जोतिबा

टाकवाले मामा दोन पायांच्या तळव्यांत देव धरून बसायचे. ठसा पायांत घट्ट पकडायचा, वर चांदीचा पत्रा ठेवायचा आणि हातोडी चालवायची, ही त्यांची रीत. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, करून घ्यायला गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, त्यांच्या टीचभर दुकानात आलेलं नवं गिऱ्हाईक दचकायचंच. "अहो, देवाला पाय लावताय!" म्हटलं, की मामा मान वर न करता म्हणायचे, "पावणं, हितं हाय तवर चांदी हाय. तुमच्या घरात गेली की देव. मग मी बी येऊन पाया पडतो की."

आणि खरंच पडायचे. नवरात्रात कुणाच्या घरी गेले, की आपणच ठोकलेल्या टाकापुढे कपाळ टेकायचे. कुणी हसलं तर भडकायचे. "हसतासा काय? त्या दिशी ह्यात कायबी नव्हतं. आता ह्या माउलीनं दिवा लावलाय."

माझं लग्नानंतरचं पहिलं नवरात्र. माझं माहेर शाहूवाडीकडचं, आणि घासायचं म्हटलं की आमच्या अंगात येतं. घट बसायच्या आदल्या दिवशी आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देव उजळायला माझ्याकडे दिले. मी शहाणीनं तारेची घासणी घेतली आणि अशी भिडले, की पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी आधीच झिजलेल्या जोतिबाचं नाक, मिशा, घोडा, सगळं सपाट! आत्ती गल्ली गोळा होईल अशा आवाजात ओरडल्या, "बया, बया! हिनं घरचा देव पुसला! आजपासनं देव्हाऱ्याला हात लावायचा न्हाय!" मला रडू कोसळलं. देवाला हात लावायची मनाई असलेल्या घरात सून कसली, ती पाहुणीच.

तशाच त्या मला आणि घरचे सगळे टाक घेऊन मामांकडे गेल्या. "ह्यो मोडा आन् नवा करा," म्हणाल्या. मामांनी टाक उलटासुलटा केला, आमच्या बाकीच्या टाकांत मिसळला आणि म्हणाले, "आक्का, डोळं मिटा." मग एकेक टाक आत्तींच्या हातावर ठेवत गेले. तिसऱ्याला आत्ती चटकन म्हणाल्या, "ह्यो जोतिबा."

"कशावरनं?"

"न वळखायला काय झालं? कोपरा मुडपलाय. मी नवी नवरी हुते तवा माझ्या सासूच्या हातनं पडलाता."

"मग पुसलं काय?" मामा म्हणाले. "आक्का, त्येला तोंड लागत न्हाय. आपल्याला लागतंय. गाऱ्हाणं सांगायला समोर कोण तरी पायजे, म्हणून मी ठोकून देतो."

आत्तींनी टाक मामांच्या हातात परत दिला.

मामांनी तोच पत्रा तापवून मऊ केला, ठशावर ठेवला आणि हातोडी माझ्यापुढे धरली. "पुसला कुणी? मग पयला घाव बी तिचाच."

"अवो, तिला काय कळतंय!" आत्ती पुन्हा सुरू झाल्या.

"घासलाय केवढ्या जिवानं बघा की! अशी सून मागं ढकलता व्हय?"

मी हातोडी घेऊन घाव घातला. घोड्याचा एक पाय उमटला. बाकीचा जोतिबा मामांनी बाहेर काढला. त्या दिवशी घरी आल्यावर आत्तींनी देवांचं ताम्हण माझ्या हातात दिलं.

मामा गेल्या वर्षी गेले. मोठमोठे ग्रंथ वाचणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. देवाला रूप आहे की नाही यावर ती तासन् तास भांडतात. मामांनी ते भांडण पाच मिनिटांत मिटवलं होतं, आणि वर एका पोरीचा संसारही सावरला होता.

मामा गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा आत्ती काठी टेकत माझ्याबरोबर आल्या. बायका बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "ही कोण?" आत्तींना हळू बोलणं माहीतच नाही. साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "ही माझी सून. हिनं आमचा जोतिबा पुसला, आन् ह्या माणसानं हिच्याच हातनं परत उभा केला. हाय का कुणाच्या घरात असला देव?"

दुःखाच्या घरात मान खाली घालून बसावं, एवढं मला कळतं. पण माझी मान काही खाली जाईना.