बिनदारूचा ग्लास

माझा भाऊ परीक्षित दर रविवारी गुडगावच्या आपल्या उंच मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ब्रंच घालतो. म्हणजे धड नाश्ता नाही, धड जेवण नाही, पण दारू मात्र भर उन्हात. बाल्कनीत टेबल मांडतात आणि त्यावर ब्लडी मेरी असते: टोमॅटोचा तिखट-खारट रस, त्यात व्होडका. आणि ती करायला कोणाला बोलवावं या माणसाने? तर आमच्या भावोजींना, सुधाकररावांना. ज्यांचं लिव्हर दारूनेच खाल्लंय, ज्यांनी दोन गणपती झाले थेंबाला हात लावला नाही, त्यांना. मेल्याला अख्ख्या दिल्लीत दुसरं माणूस मिळालं नाही!

भावोजी करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मॅनेजर होते. पिण्यापायी नोकरी गेली, मग परीक्षितने त्यांना आपल्या ऑफिसात चिकटवून दिलं. त्या उपकाराची वसुली रविवारी व्हायची. हेमलताताई, माझी थोरली बहीण, शाळेत शिकवते. लिव्हरच्या दुखण्यातून सुटून घरी येताना हॉस्पिटलच्या दारातच तिने नवऱ्याला सांगितलं होतं, "आता एक घोट घेतलात तर मी तुमची कोणी नाही." भावोजींनी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं महिनाभरात घसरतील. पण माणसाने पाळलं. कसं पाळलं ते त्यांच्या जिवालाच ठाऊक.

रविवारी सकाळी ते मेट्रोने यायचे आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. टोमॅटो उकडून, सालं काढून, दोनदा गाळायचे. काळं मीठ, मिरपूड, लिंबू, आल्याचा रस घालून जग भरायचे. मग टेबलावर वाट्या मांडायच्या, ज्याला जे हवं ते त्याने आपल्या ग्लासात घालावं म्हणून: लिंबाच्या लोणच्याचा खार, मिरचीचा ठेचा, भाजलेली जिरेपूड, कोकमाचं आगळ, पापडाचा चुरा. ग्लासच्या काठाला लिंबू फिरवून मेतकूट लावायची कल्पना त्यांचीच. परीक्षितचे पंजाबी मित्र बोटं चाटत म्हणायचे, "अंकल, कमाल है यार!" आणि भावोजी लाजायचे. कौतुकाची त्यांना इतकी उपासमार होती की मला बघवायचं नाही.

व्होडकाची बाटली दुसऱ्या टोकाला असे. तिला ते शिवत नसत, आणि जगातला रसही चाखत नसत. ते ताईने शिकवलं होतं. "नैवेद्याचा स्वयंपाक आपण चाखतो का? तसंच समजा. वासावर करा." आमच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी जिभेला काही लावत नाही, आणि भावोजींनी तो नियम दारूच्या टेबलावर आणून बसवला होता. लोक हसायचे. मला मात्र त्या माणसाचा अभिमान वाटायचा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी धुकं ओसरून छान ऊन पडलं होतं. ताई आत थालीपिठं लावत होती. मी बाल्कनीत येते तर परीक्षित आणि त्याची बायको सलोनी एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसतायत. दोघांची पैज लागली होती: इतकं तिखट-आंबट असताना सुधाकररावांना आतली व्होडका ओळखू येते की नाही. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर ग्लास त्याच्या टाळक्यात घातला असता.

"भावोजी, आज पहिला ग्लास तुम्ही घ्या," परीक्षित म्हणाला. "बिनदारूचा आहे. सलोनीने वेगळा काढलाय."

"नको रे. तुम्ही घ्या."

"अहो, नैवेद्य झाला ना? मग आता हा प्रसाद. प्रसादाला कोणी नाही म्हणतं का? चलो, घ्या."

आता सांगा, आपल्यातला माणूस याच्यावर काय बोलणार? भावोजींनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला, हो, दोन्ही हातांनी, आणि मोठा घोट घेतला. सलोनीने मोबाइल धरला होता.

ते थांबले. चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी परीक्षितकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता थुंकतील, आता ग्लास खाली ठेवतील. "भावोजी, टाका ते!" मी ओरडले. त्यांनी ऐकलं नाही. ग्लास तळापर्यंत रिकामा केला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि बाटली उचलली.

"ओळखलं! मी जिंकले!" सलोनी टाळ्या पिटत होती. "स्वारी रंगात आली," परीक्षित म्हणाला आणि सगळे खो खो हसले. थालीपिठाची ताटली घेऊन ताई दारात आली तेव्हा भावोजी बाटली तोंडाला लावून उभे होते. ताटली टेबलावर ठेवून तिने पर्स घेतली.

मी परीक्षितला नाही नाही ते बोलले. तो म्हणतो, "अगं, मजाक होता. एका ग्लासाने काय होतंय? मनावर ताबा नको का माणसाचा?" घ्या!

त्यानंतर भावोजी रोज पिऊ लागले. ऑफिसात झोकांड्या खाताना दिसले म्हणून परीक्षितनेच त्यांना काढून टाकलं. ताई मात्र सोडून गेली नाही. जाणार कुठे? फक्त त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

होळीच्या आधी मी त्यांच्याकडे गेले होते. भावोजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. ताईच्या मोबाइलवर परीक्षितचा निरोप वाजला, बोलून पाठवलेला: "ताई, रविवारी ये. भावोजींना नको आणूस, सोसायटीची मुलंबाळं असतात, बरं दिसत नाही. पण तेवढा टोमॅटोचा जग त्यांच्याकडून करून आण. सगळे विचारतायत."

ताईने मोबाइल उपडा ठेवला. माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात पलंग करकरला. भावोजी भिंतीला धरून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि नळाखाली टोमॅटो धुवायला लागले.

"किती जण येणारेत, विचारून घे," ते म्हणाले.