तिकडचा लोहार

किळस यायला समोर घाण असावीच लागते असं नाही. मला ती माझ्या सख्ख्या भावाची आली, त्याच्याच पोराच्या लग्नात, सगळे नटूनथटून अत्तर लावून बसलेले असताना.

आम्ही नायगावकडच्या एका खेड्यातले लोहार. आडनावही लोहारच. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, भाता आता बंद आहे, पण अंगणातली ऐरण अजून जागची हललेली नाही. आबांचं वय झालंय, नजर मात्र पक्की. सुईत दोरा स्वतः ओवतात. मी लातूरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. पोरं मला लोहार मॅडम म्हणतात, त्यात माझं काही बिघडत नाही.

दादाचं बिघडलं. नांदेडला नोकरीत साहेब झाला तसं त्यानं गॅझेटात देऊन आडनाव बदललं. गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि मोकळा झाला. तेवढं केलं असतं तर मी काही बोलले नसते, लई लोकांनी केलंय आणि प्रत्येकाची कारणं असतात. जातीवरून कुणी टोचून बोललं की कसं लागतं ते मलाही ठाऊक आहे. पण वडील काय करतात असं कुणी विचारलं की हा 'बागायत आहे' म्हणून सांगायचा. आबांच्या नावावर तुळशीच्या कुंडीएवढीही जमीन नाही.

त्याचा मुलगा इंग्लंडला नोकरीला गेला आणि तिथल्याच एका मुलीशी त्याचं जमलं. मुलगी गुणाची. आडनाव स्मिथ. दादाला आभाळ ठेंगणं झालं. लगेच मला फोन.

"बाई, तुझं इंग्रजी चांगलं हाय. रिसेप्शनला स्टेजवरून त्यांच्या घराण्याचा इतिहास सांग. खानदानी मान्सं हायत. मी त्यांच्यासाठी त्यांच्या घराण्याची ढालबी मागवलीय, सिंहाचं चित्र असलेली."

म्हटलं, वाचून बघते. वाचायला फार लागलंच नाही. तिकडं जुन्या काळी एका गावात एकाच नावाची चार माणसं असली की त्यांना धंद्यावरून ओळखायचे. शिवणारा तो टेलर, मडकी करणारा तो पॉटर, रोट्या भाजणारा तो बेकर. लोखंड ठोकणारा तो स्मिथ. पुढं पोरानं बापाचा धंदा सोडला तरी नाव चिकटून राहिलं. आणि लोहाराशिवाय गाव चालत नाही, नाल, फाळ, खिळा, बिजागरी सगळं त्याच्याकडचं. म्हणून गावोगावी एक स्मिथ, आणि म्हणून तिकडं स्मिथ पैशाला पासरी. ढालबिल काही नाही, ती तिकडच्या सरदार घराण्यांची खूण. आडनाव सांगितलं की ढाल छापून देणारी दुकानंच आहेत.

मी दादाला फोन केला. "दादा, स्मिथ म्हणजे लोहार."

तो म्हणाला, "तिकडचा लोहार येगळा असतो."

"कसा वेगळा? त्याला चटका बसत नाही का?"

"तू उगं वाकड्यात शिरू नको. इतिहास सांग, चांगला सांग." फोन बंद.



लग्न नांदेडच्या एका कार्यालयात होतं. आबा आदल्या दिवशीच गावाहून आले, धुतलेल्या धोतरात, काखेत फडक्याचं गाठोडं. त्यात सांडस होती. तापलेलं लोखंड धरायची ती लांब दांड्यांची पकड, आबांच्या आज्यापासूनची. आमच्याकडं लग्नात देवक बसतं ते सांडशीचं. पाटावर गहू, त्यावर सांडस, तिला हळदकुंकू, शेजारी आंब्याचा डहाळा. पूर्वजांना लग्नाला बोलवायची ही आमची रीत. दादाच्या लग्नात हीच सांडस बसली होती. नातवाच्या लग्नात ती बसावी, एवढंच आबांना हवं होतं. मला एसटीतून फोनवर तेच सांगत होते, गोडं तेल लावून पुसलीय, लई चकाकून राहिली म्हणून.

सकाळी देवकाच्या वेळी बघते तर पाटावर चांदीचा तांब्या आणि पाच झाडांची पानं. सांडस नाही.

"आबा, आता असंच असतंय," दादा म्हणत होता. "पाहुणे व्हिडिओ काढून राहिलेत. ते काळं लोखंड मधी कामून?"

"देवक हाय ते," आबा म्हणाले.

"हेबी देवकच हाय."

आबांनी नातवाकडं पाहिलं. तो बाशिंग सावरत मोबाइलवर कुणाला तरी कार्यालयाचा पत्ता सांगत होता. मी दादाला बाजूला ओढलं, म्हटलं, अरे लाज कोळून प्यालास का, त्या म्हाताऱ्यानं दुसरं काही मागितलंय का तुला? तर म्हणतो, बाई, आवाज कमी, फोटोग्राफर हाय. आणि सांडस उचलून गाडीच्या डिकीत टाकून आला, स्टेपनीशेजारी. आबा विधी संपेपर्यंत मांडी घालून बसले होते. हात जोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी जोडले, पण पाटाकडं बघून नव्हे.

दुपारी रिसेप्शन. दादानं माइक माझ्या हातात दिला. मी जे वाचलं होतं ते सगळं सांगितलं, एकदा इंग्रजीत, एकदा आपल्या भाषेत. स्मिथ म्हणजे लोहार, भात्यापुढं बसणारा, हाताला घट्टे असणारा. दादाचा चेहरा उतरत गेला. मुलीचे वडील मात्र खूश. ते तिकडं विमा विकतात. त्यांनी माइक घेतला, म्हणाले, अगदी खरं, माझे खापरपणजोबा घोड्यांना नाल मारायचे. ढाल हातात घेऊन हसले. असली ढाल स्टेशनवरच्या दुकानात किल्लीच्या साखळीला लावून मिळते म्हणे. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घराण्याचं काय?

मला वाटलं आता दादा घाम पुसणार. कसचं काय. वारा फिरला तसा माणूस फिरला. माइक ओढून घेतला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरू, वी आल्सो, सेम टू सेम, ग्रेट ब्लॅकस्मिथ फॅमिली, निजामाच्या तलवारी आमच्या घरी घडायच्या. तलवारी! आबांनी जन्मभर विळे आणि खुरपी शेवटली, म्हणजे तापवून ठोकून त्यांना धार काढली. आणि ड्रायव्हरला हाक, डिकीतली वस्तू आण.

सकाळी देवापुढं जिची लाज वाटली ती सांडस दुपारी बूट घातलेल्या माणसांच्या हातात होती. व्याह्यांनी ती उघडमीट केली, बायकोचं नाक पकडल्यासारखं केलं, सगळे हसले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. ज्याला माहीत होतं तो सगळ्यात मोठ्यानं हसत होता. मग त्यानं आबांना वर ओढलं, फेटा चढवला, हातात सांडस दिली आणि म्हणाला, "आबा, मारल्यासारखं करा की. फोटो हाय." सांडशीनं मारत नसतात, धरत असतात, हेही हा विसरला होता. मला खरोखर ओकारी येते की काय असं झालं. समोर जिलेबीचं ताट होतं, ते मी सरकवून दिलं.

आबांनी मारल्यासारखं केलं नाही. सांडस दादाच्या हातात ठेवली, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि पायऱ्या उतरले.

बाहेर मी त्यांना गाठलं. "आबा, थांबा. आपली सांडस घेऊन येते."

"राहू दे बाई," ते म्हणाले. "देवकाला बसली असती तर परत घरी न्यायची असती. आता ती खेळण्यातली झाली."

एसटीनं मी त्यांच्यासोबत गावापर्यंत गेले.

दिवाळीला मी गावीच होते. दादाचा व्हिडिओ कॉल आला. नांदेडच्या घरात त्यानं नवं काचेचं कपाट करून घेतलं होतं, आत बारके दिवे. व्याही तशीच टाकून गेलेली सिंहाची ढाल त्यात उभी होती, आणि तिच्यापुढं मखमलीवर सांडस. सोनेरी रंग मारलेली. दांड्यांपासून टोकापर्यंत.

"आबा, बगा, किती मान दिला," दादा म्हणाला. "येणारा जाणारा इचारतो."

मी फोन आबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिलं.

"चांगली हाय," ते म्हणाले. "कुणाची म्हणायची?"

दादा हसला. आबांना आता नीट दिसत न्हाई, असं तो वहिनीला सांगत होता, ते आम्हाला दोघांनाही ऐकू आलं.