फासेवाल्या अक्षताचं टेबल

नारायण पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान, आणि शेजारचा गाळा अक्षताचा. दोन्ही गाळ्यांचे मालक हिंमतराव. अक्षताचं गिऱ्हाईक आधी माझ्याकडेच धडकतं. "काकू, फासे मिळतात ते दुकान इथंच ना?" बुधवार पेठ पालथी घालून, स्वारगेटपासून पायपीट करत आलेले असतात बिचारे. फोनमधला नकाशा त्यांना नेमका माझ्या मशीनसमोर आणून सोडतो. मी हातातल्या कात्रीनंच दाखवते, ते बघा.

आता कौतुकानं सांगतेय, पण सुरुवातीला मला या बाईचा भारी राग यायचा. बँकेतली चांगली नोकरी सोडून खेळातले बोटभर उंचीचे सैनिक आणि वीस बाजूंचे फासे विकत बसली होती. वर ताठा केवढा. "असलं इथं कोण घेणार?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही नका घेऊ."

एक ते चार दुकान बंद, हा आमच्याकडचा रिवाज. ती शटर अर्धं ओढायची, पण आत मोठ्या टेबलाभोवती माणसं असायची. मी जरा आडवी झाले की भिंतीपलीकडून फाशांचा खडखडाट आणि "मेला, मेला" असा गलका. अर्धं शटर, फासे, पोरंपोरी; दुसरं काय वाटणार? मी हिंमतरावांच्या कानावर घातलं, आत जुगार चालतो म्हणून.

त्यांनी तिला बजावलं, रविवारपर्यंत टेबल हलवा, नाहीतर गाळा सोडा. टेबल गेलं की तिचं दुकानच संपलं. सामान काय, लोक ऑनलाइनही मागवतात. इथं येतात ते खेळायला.

अक्षता रडली-बिडली नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं शटर पार वर केलं, टेबल ओढून दारात आणलं आणि मला म्हणाली, "शर्मिलाताई, जुगार बघायचाय ना? या, बसा."

तणतणतच गेले. एक रुपया दिसला नाही. एक जण गोष्ट सांगत होता, बाकीचे त्यातली माणसं झाले होते, आणि हल्ला जमला की फसला ते फासा ठरवत होता. चंद्रपूरहून कारखान्यात कामाला आलेला विश्वजीत, जो चहा मागतानाही मान खाली घालतो, तो किल्लेदार होऊन सगळ्यांना हुकूम सोडत होता. मला इतकी लाज वाटली की विचारू नका.

रविवारी हिंमतराव आले. टेबल दारातच होतं, खेळ चालू होता.

"सांगितलं होतं ना?"

"ऐकलं होतं," अक्षता मान वर न करता म्हणाली. "टेबल हलणार नाही."

मी काम टाकून बाहेर आले. "हिंमतराव, जुगार वगैरे काही नाही. मी न बघता बोलले, चूक माझी."

"असेल. मला दारात हा तमाशा नकोय. आणि शर्मिलाताई, तुमचाही करार पुढच्या महिन्यात संपतोय, लक्षात असू द्या."

पंचवीस वर्षं मी या गाळ्यात बसलेय. पण तेव्हा मागं सरले असते तर आरशात तोंड बघवलं नसतं.

"आहे लक्षात," मी म्हणाले. "दोघींचं सामान एकाच टेम्पोत जाईल. आधी टेबल चढेल, मग माझी मशीन."

विश्वजीतनं उठून मला आपली खुर्ची दिली. मी हिंमतरावांच्या डोळ्यांदेखत बसले आणि फासा टाकला.