उतारावरचा दगड

गुरुजी ओट्यावर बसले की हाताशी एक गोल दगड ठेवत. कुणी नशिबाचं बोललं की तो अंगणात सोडून देत. अंगण उताराचं, दगड घरंगळत माझ्या बांधाला येऊन लागे. "सांग लखू, दगडानं ठरवलं का खाली जायचं? माणूस तसाच. हाडं, रक्त, पाणी. धक्का बसला की लोळतो. देव नाय, नशीब नाय, आणि मी ठरवलं असंपण काय नाय."

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर नारळ न फोडणारा तो एकच माणूस. शहापूरच्या शाळेतून रिटायर होऊन शेजारी शेती करायला लागलेला. मी तिसरीतून सुटलेला, मला उत्तर सुचत नसे. माझ्या बायकोला, जनीला सुचे. एकदा माकडांनी त्यांच्या काकड्या नेल्या, तेव्हा गुरुजी शिव्या देत मागे धावले. जनी बांधावरून म्हणाली, "वांदरांना कशाला शिव्या, गुरुजी? त्यांनी कुठं ठरवलंय?"

"माझ्या शिव्या पण ठरलेल्याच गो."

"आणि शाळेत पोरांना मारलेल्या छड्या?"

गुरुजी उरलेल्या काकड्या तोडायला वळले.

भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही शेण, पाला पसरून, वर माती दाबून जाळतो. त्याला राब म्हणतात. राब पहाटे पेटवायचा, वारा पडलेला असताना, हंडाभर पाणी जवळ ठेवून. हे इथं शेंबडं पोरही जाणतं. गुरुजींनी दुपारी पेटवला. माती नाही, पाणी नाही. काडी ओढून जेवायला गेले. जाळ माझ्या गोठ्याच्या पेंढ्याला लागला. जनी गाय सोडायला आत शिरली. गाय बाहेर आली आणि छप्पर जनीवर आलं. दवाखान्यात अकरा दिवस काढले तिनं, मग गेली.

तिच्या दहाव्याला गुरुजी आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "सुका पाला, वारा, काडी. दुसरं काय होऊच शकत नव्हतं लखू. यात दोषी कोण नाय." लोकांनी माना डोलावल्या. उत्तर देणारी चितेवर गेली होती.

पुढच्या साली पहाटे बांधावर गेलो. गुरुजींचा राब जळत होता. वर माती दाबलेली, कडेला पाण्याचे दोन हंडे, हातात ओला डहाळा. राख निवेपर्यंत म्हातारा हलला नाही. मी म्हटलं, "काय गुरुजी, दगड उतारावर थांबला की."

त्यांनी वर पाहिलं नाही. राखेवर डहाळा दाबत म्हणाले, "मागल्या साली पण पाणी आणता आलं असतं."

तेवढंच. माफी त्यांनी मागितली नाही, पण अंगणात दगडही परत सोडला नाही.

यंदा ते गेले. मी खांदा दिला. लोक म्हणाले, लखूनं मन मोठं केलं, झालं गेलं विसरला. मी काही विसरलो नाही. खांदा शेजाऱ्याला दिला. माफी दिली नाही, देणारही नाही. दोन्ही मी ठरवलं. मला कुणी ढकललं नाही.