वास गेला की सांगा

वासाचा माझ्या साडूंइतका विचार केलेला माणूस पुणे शहरात दुसरा सापडणार नाही, आणि त्यांना स्वतःला कसलाही वास येत नाही. अत्तराचा नाही, हिंगाचा नाही, दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं तरी नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनं तपासण्यात त्यांचं उमेदीचं आयुष्य गेलं आणि त्या धुरात नाक कामातून गेलं. हे सांगताना त्यांना वाईटबिईट वाटत नाही. मधे आपली नाशिकला बदली झाली होती असं कोणी सांगावं, तसं सांगतात. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, त्यांना दिलेल्या. त्यामुळे आमचं नातं असं आहे की आवडो न आवडो, दिवाळीला भेटावंच लागतं. मला ते आवडतात ही त्यातली सोय.

कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा शहरात जो तो कॉम्प्युटरचा क्लास लावत होता. साडूंबरोबर बाहेर पडलेल्यांपैकी कोणी कोथरूडला सायबर कॅफे काढला, कोणी सकाळी फिरायला जाऊन सरकारला शिव्या देऊ लागला. साडूंनी शिवणे गावाच्या पुढे एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि एक जुनी व्हॅन. मंडईतली सडकी भाजी, देवळातली निर्माल्याची फुलं आणि शेजारच्या गोठ्यातलं शेण कुजवून त्याचा गॅस करायचा, आणि त्या गॅसवर गाडी चालवायची, असा बेत होता. लोक म्हणत, वा, शेणापासून गॅस. यावर ते चिडत. "गॅस करणं सोपं आहे हो, ते म्हशीलाही जमतं. खरं काम तो धुण्याचं." गॅस धुणं म्हणजे काय हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की मी बँकेतला माणूस असूनही झोपेत सांगू शकेन. कुजवणातून निघालेल्या गॅसमध्ये जळणारा भाग असतो, तो हवा. न जळणारा एक असतो, तो नुसताच जागा अडवून बसतो. त्याला उंच नळकांड्यात घालून वरून पाण्याचा फवारा सोडला की तो पाण्यात उतरतो. आणि तिसरा असतो गंधकाचा. तो अगदी थोडा, पण सडक्या अंड्यासारखा घाणेरडा, आणि इंजिन आतून खाऊन टाकणारा. साडूंचं सगळं वैर या तिसऱ्याशी होतं.

याला उतारा एकच, लोखंडाचा गंज. वासाचा गॅस गंजातून गेला की गंधक तिथेच अडकतं. सगळं जग खरवडून काढतं ती वस्तू हा मनुष्य जोपासत होता. लेथवर निघणारा लोखंडाचा कीस पोत्याने आणायचा, मिठाचं पाणी शिंपडून शेडमागे पसरायचा, आणि बायका जसं उन्हातल्या पापडांकडे लक्ष ठेवतात तसं त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. कोणाच्या घरी गेले की आधी फाटक बघत. नव्याने रंगवलेलं फाटक दिसलं की त्यांचा चेहरा उतरे. सदाशिव पेठेत माझ्या पुतणीला बघायला आलेल्या मंडळींचे चहाचे कप अजून रिकामे व्हायचे होते, तेव्हा हे गॅलरीत जाऊन जुने गज नखाने खरवडत उभे होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाले, "उत्तम गंज आहे तुमच्याकडच्यापेक्षा." त्यांच्या घरी हे कधी जाऊन आले होते, देव जाणे. लग्न मात्र झालं.

व्हॅन पहिल्यांदा गॅसवर चालली तेव्हा साडूंनी सगळ्यात आधी ताईंना बसवलं. एका मुंजीला जायचं होतं. ताईंनी ठेवणीतली जांभळी पैठणी नेसलेली. गॅसची टाकी मागच्या सीटखाली, कुठल्याशा जोडातून गॅस बारीक गळत होता आणि गंजाचा थर तेव्हा चांगला मुरलेला नव्हता. साडूंना अर्थातच काही कळलं नाही. कार्यालयात ताई जिथे बसल्या त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. बटूची आई येऊन अगदी हळू म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुमची?" ताई जेवल्या, भिक्षावळ घातली, मग रिक्षा करून घरी आल्या. भांडण नाही, रडणं नाही. संध्याकाळी साडू घरात शिरल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "वास गेला की सांगा. मग बसेन." त्यानंतर त्या व्हॅनमध्ये बसल्या नाहीत. माहेरी वाईला जायचं झालं तरी एसटीने जात, आणि साडू स्वारगेटपर्यंत त्यांची पिशवी धरून सोबत जात.

पण साडूंच्या कामाचा कणा ताईच होत्या. ताईंना वास असा येतो की तिसऱ्या मजल्यावर वरण लागलं तर तळमजल्यावर त्या सांगतात, आणि कोणाच्या पातेल्यात तेही सांगतात. साडू रोज सकाळी शेडमधून गॅसचा नमुना आणत आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. ताई कणीक मळता मळता मान पुढे करत, डोळे मिटत आणि निकाल देत. "आहे." "कालच्याहून कमी आहे." "आज काय केलंत? जास्त आहे." एवढंच. पहिलं वर्षभर नमुना सायकलच्या ट्यूबमधून यायचा. वास हटता हटेना. साडूंनी गंजाचे थर वाढवले, पाण्याचा फवारा बदलला, मिठाचं प्रमाण बदललं. शेवटी एका सकाळी ताई म्हणाल्या, "हा रबराचा वास आहे. पहिल्यापासून हाच येतोय." साडू म्हणाले, "मग सांगायचं नाही का?" ताई म्हणाल्या, "तुम्ही वास आहे का एवढंच विचारत होतात." मग नमुना काचेच्या बरणीतून येऊ लागला. ती बरणी लोणच्याची निघाल्यामुळे आणखी एक पावसाळा गेला. शेजारणींनी विचारलं की तुमचे मिस्टर हल्ली काय करतात, तर ताई सांगत, "वास घालवतात."

मग त्यांच्या मुलीने, म्हणजे तीही सॉफ्टवेअरमध्येच, तिच्या बाळंतपणासाठी आईला अमेरिकेला बोलावून घेतलं. सहा महिन्यांचा व्हिसा. सगळी सोसायटी विमानतळावर लोटली. साडू सगळ्यांना सांगत होते, "माझं यंत्र चाललं." लोकांना वाटलं थट्टा आहे. ताई गेल्या आणि शेडमधलं काम खरोखरच आंधळं झालं. साडू बरणी घेऊन दारोदार हिंडू लागले. वॉचमनने हुंगलं आणि म्हणाला, "झ्याक हाय साहेब." दूधवाला म्हणाला, "कायबी येत न्हाई." पोस्टमनने तर बरणीचं झाकण उघडायच्या आधीच नाही म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यावर आयटीतली चार पोरं राहत, त्यातला एक म्हणाला, "अंकल, इट्स टोटली क्लीन." मी हुंगलं. मला खरंच वास आला नाही, तसं मी सांगितलं. साडूंनी बरणी बंद केली आणि म्हणाले, "तुम्ही सगळे सभ्य आहात. सभ्य माणसाचा मला काय उपयोग?" त्या दिवशी मला कळलं, की या माणसाला गॅस शुद्ध आहे की नाही याची जेवढी काळजी होती, त्याहून जास्त काळजी एकाच गोष्टीची होती. ताई परत येतील तेव्हा त्यांना व्हॅनमधून घरी आणायचं. त्यासाठी त्यांनी सगळे जोड नव्याने बसवले, गंजाचा दुप्पट थर लावला, आणि टाकी भरून ठेवली.

ताईंना घ्यायला मुंबईच्या विमानतळावर आम्ही दोघेच गेलो. जाताना साडूंनी गाडी पेट्रोलवर चालवली. गॅस फार पुरत नसे, तो त्यांनी परतीसाठी राखून ठेवला होता. ताई बाहेर आल्या त्या थकलेल्या होत्या, पण चेहरा आजीचा झालेला. साडूंनी नातवाची चौकशी केली नाही. सामान ठेवलं, खटका गॅसवर केला, गाडी चालू केली आणि दार उघडून बाजूला उभे राहिले. ताईंनी सवयीने मान पुढे केली आणि डोळे मिटले. मी उगाचच घड्याळाशी खेळत राहिलो. माझ्या मॅट्रिकच्या निकालाला मला इतकी धाकधूक झाली नव्हती.

"आहे," ताई म्हणाल्या. "थोडा आहे, पण आहे."

साडूंनी मान हलवली. गाडी बंद केली आणि मला म्हणाले, "तुम्ही हिच्याजवळ थांबा. मी टॅक्सी बघतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. अट ती अट. ते चालू लागले तेवढ्यात ताई पुढच्या सीटवर चढून बसल्या, पदर आत ओढून घेतला आणि दार लावलं.

"अहो, कुठे निघालात? चला, बसा."

"पण वास आहे म्हणालीस."

"आहेच. नाही कुठे म्हणतेय?" मग म्हणाल्या, "तिकडे त्या घरात कसला म्हणून वास येत नाही हो. फोडणी दिली तर तीसुद्धा शेगडीवरचं ते यंत्र ओढून घेतं. मला वाटायला लागलं, माझंही नाक गेलं तुमच्यासारखं."

साडू वळसा घालून आपल्या जागेवर बसले. त्यांनी गाडी चालू केली. मी मागे सामानात अवघडून बसलो होतो आणि मला त्या दोघांचा सरळ सरळ हेवा वाटत होता. मी खिडकीची काच खाली करायला लागलो तर ताई म्हणाल्या, "राहू द्या, वारा लागतो." पनवेलला इंजिनाने दोन आचके दिले आणि साडूंनी खटका पेट्रोलवर केला. थोडा वेळ गेल्यावर ताई म्हणाल्या, "वास थांबला. संपला का हो?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. साडू म्हणाले, "पुढच्या वेळी जास्त भरून आणतो."

पुढची वेळ आली नाही. शेडची जागा मालकाने बिल्डरला दिली, शहरात गॅसचे पंप झाले, आणि त्यांच्यापुढे रिक्षांच्या रांगा लागल्या. पंपावरच्या त्या गॅसला साडू "विकतचा" म्हणतात. लोक मला अजून विचारतात की तुमच्या साडूंचं ते शेणाचं काम जमलं का. जमलं नाही असंच सांगावं लागतं. मग मी सांगतो, की ताई त्या गॅसवर एकदा आपणहून बसल्या होत्या, विमानतळापासून पनवेलपर्यंत, काचा बंद करून.