पोरीचा प्रोग्राम थांबायचा तेव्हा

मी चौथी शिकलो. पण साकीनाक्याच्या आमच्या गल्लीत गिअर कापण्यात माझ्या हाताला तोड नव्हती, आणि हे मीच नाही, सगळी गल्ली म्हणायची. सरळ दात्यांचा गिअर कुणीही कापील. तिरप्या दात्यांचा कापायचा तर मशीनला कुठली चार चाकं जोडायची, याचा हिशेब लागतो. तो मी जाड वहीतून, बोटं मोजत, अर्धा दिवस घालवून करायचो.

ऐंशी सालानंतर सात-आठ वर्षांनी शेठने कॉम्प्युटर आणला. दोन महिने तो प्लास्टिकच्या कव्हराखाली बसून होता. माझी थोरली तेव्हा बारावी होऊन अंधेरीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. मीच शेठला म्हणालो, "चाकांचा हिशेब माझी पोर त्यात बसवून देईल." शेठ म्हणाला, "मिस्त्री, आठ दिवस चालवून दाखवू दे. चालला तर तिला इथेच ठेवून घेतो." घाटकोपरच्या आमच्या खोलीत त्या दिवशी गोडाचा शिरा झाला.

तिने प्रोग्राम लिहिला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. दाते किती, तिरपेपणा किती, एवढं विचारायचा आणि चार चाकांचे आकडे द्यायचा. मी माझ्या वहीशी ताडून पाहिले. एकही चुकला नाही. मी गल्लीभर सांगत सुटलो.

चौथ्या दिवशी छपाईच्या मशीनचे मोठे गिअर आले. पोरीने आकडे घातले आणि प्रोग्राम मध्येच थांबला. इंग्रजीत एक ओळ आली आणि पुढे काही नाही. पुन्हा घातले, पुन्हा थांबला. शेजारच्या लेथवरचा आमचा मालवणी गाववाला ओरडला, "मिस्त्री, तुझ्या चेडवाचो डबो निजलो रे!" पोरीचा डबा झोपला म्हणून सगळे हसले. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"काय झालं गं?"

"बाबा, आकडा मोठा होतोय. हिशेबात मध्येच मावेनासा होतो, म्हणून तो थांबतो. शोधायला हवं कुठे ते."

"थांबतो म्हणजे? त्याला कुणी सांगितलं थांबायला?"

मग तिने समजावलं. प्रोग्राम लिहून झाला की तो मशीनला कळेल असा पक्का करावा लागतो. पक्का करताना काही गोष्टी चालू-बंद ठेवता येतात. त्यात एक तपासणी असते. ती चालू असली की काही चुकलं तर प्रोग्राम तिथेच थांबतो. बंद ठेवली तर थांबत नाही.

"मग बंद कर ना!"

"बाबा, तसं नसतं..."

"मला शिकवू नकोस. कर बंद."

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. आमच्या मशीनच्या दांड्यात पितळेची मऊ पिन असते. भार जास्त झाला की ती तुटते, मशीन उभं राहतं, आतले गिअर वाचतात. पण पिन सारखी तुटली की काम खोळंबतं. म्हणून गल्लीतले सगळे मिस्त्री पितळेच्या जागी पोलादी पिन ठोकायचे. मीही ठोकायचो, आणि तीच हुशारी मानायचो.

पोरीने तपासणी बंद करून प्रोग्राम पुन्हा पक्का केला. आता तो थांबला नाही. झटक्यात चार आकडे आले. मी गाववाल्याकडे वळून म्हणालो, "बघ, उठला डबा!"

चाकं जोडली, कापायला घेतलं. पहिल्याच जॉबला दाता जरा जास्त कलतोय असं डोळ्यांना वाटलं. वीस वर्षं दातेच बघत आलेले डोळे होते. थांबवून वही काढायला हवी होती. पण गाववाला बघत होता. मी सगळे जॉब कापले.

एकही गिअर दुसऱ्यात बसला नाही. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला.

पोर एका दुपारभरात मुळाशी गेली. तोच प्रोग्राम, तेच आकडे, एकदा तपासणी चालू ठेवून, एकदा बंद ठेवून. एकीकडे थांबायचा, दुसरीकडे बिनदिक्कत भलतंच उत्तर द्यायचा. आकडा ठेवायच्या खान्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मावत होतं. तिने मोठा खाना दिला, तपासणी पुन्हा चालू केली. आकडे बरोबर आले, माझ्या वहीशी जुळले. तिने शेठला दोन्ही चालवून दाखवले.

शेठने विचारलं, "ही तपासणी बंद कोणी केली?"

मी तिथेच होतो. चिंध्यांनी हात पुसत होतो. पोरीने माझ्याकडे पाहिलं, चार माणसं उभी होती तीही पाहिली, आणि म्हणाली, "मी केली."

"मग तू नको," शेठ म्हणाला. "ज्याला समजतं तरी बंद करतो, तो माणूस मला नको."

दोन दिवस ती घरातच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा डबा भरताना म्हणाली, "बाबा, एक काम कराल? शेठना एकट्याला गाठून एवढंच सांगा, बंद करायला तुम्ही सांगितलं होतं. सगळ्यांसमोर नको. ते ठेवतील मला."

"सांगतो," मी म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो.

शेठच्या केबिनमध्ये गेलो. तो एकटाच होता. मान वर न करता म्हणाला, "बोल मिस्त्री. तुझ्यावर राग नाही माझा. तुझा हात सोन्याचा आहे. पोरीचं लग्न बघ."

मी उभा राहिलो. मग म्हणालो, "हो शेठ," आणि मशीनवर गेलो.

संध्याकाळी ती दारातच उभी होती.

"बोललात?"

"बोललो. ऐकायला तयार नाही."

ती म्हणाली, "जाऊ दे बाबा. तुम्ही बोललात तरी." आणि जेवायला बसलो तेव्हा तिच्या वाटणीची बांगड्याची तुकडी तिने माझ्या ताटात वाढली.