ढोलांच्या मागं लॅकीदादा

लॅकीदादा गेला तेव्हापासून घरात सूपच सूप आहे. येईल तो पातेलं ठेवून जातोय. बँडची प्रमुख इशबेल म्हणाली, मोरॅगआत्या, काकांविषयी चार शब्द बँडच्या पानावर टाका. टाकते. थकलेय, पण टाकते.

माझा भाऊ हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा आणि उन्हाळ्यात बँडात बॅगपाइप वाजवायचा, हवेची पिशवी बगलेत दाबून. पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "एक पिशवी बगलेत धरूनच दमतो मी." किल्टचा घागरा चुरगळला तरी चालेल, ग्लेनगॅरी टोपी मात्र वाफेवर धरून, ब्रश मारून, भुवईच्या दोन बोटं वर. मागच्या दोन काळ्या रिबिनी मोकळ्या सोडलेल्या. कोणाच्या बांधलेल्या दिसल्या की म्हणायचा, "पार्सल आहे का रे, दोरी बांधलीय ती?"

इन्व्हर्नेसच्या दवाखान्यातली औषधं सुरू झाली आणि केस गेले. मग डोकंच बारीक झालं म्हणा ना. टोपी कानांवर उतरायला लागली. मी आतून पट्टी शिवली, तरी उतरली. लहान घे म्हटलं, तर म्हणाला, "दुसऱ्याच्या डोक्याची मला नको."

त्याला एवढंच पाहिजे होतं, गावच्या वार्षिक खेळांच्या दिवशी बँडाबरोबर गावातून मैदानापर्यंत चालायचं. एकदा. डॉक्टर नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत.

त्या सकाळी शाळेपुढं सगळे उभे होते. इशबेल टोप्या बघत रांगेवरून आली. तिला दादानंच शिकवलेलं. त्याच्यापाशी थांबली. टोपी नाकाकडं निघाली होती.

"काका, टोपी बसत नाहीये."

"कळतंय मला."

"तुम्ही काय केलं असतं?"

"रांगेबाहेर काढलं असतं."

मग तोच बाहेर आला आणि भिंतीला टेकला.

मी खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन तिथंच होते. म्हटलं, "रिबिनी ओढून बांधते. बसेल घट्ट."

"पहिल्या रांगेत पार्सल? नको."

"मग चल घरी. माझेही पाय दुखतायत."

दादा इशबेलला म्हणाला, "मागं उभा राहिलो तर? ढोलांच्या मागं."

"तिथं पाइपवाले नसतात, काका."

"म्हणूनच. तिथं मागून बघतंय कोण? फार तर गावातली कुत्री."

इशबेलनं पाठ फिरवली. "बांधा, आत्या. मी तिकडं बघते."

मी बांधल्या. "एवढं आवळू नको, मोरॅग," दादा म्हणाला, "कान अजून माझेच आहेत."

जन्मभर पुढं चाललेला माणूस ढोलांच्या मागं एकटा चालत होता. खुर्ची घेऊन मी त्याच्या मागून. पुलावर त्याचा दम संपला. फुंकणं थांबलं, बोटं मात्र भोकांवर फिरत होती, सूर नसताना. मी खुर्ची पुढं केली. त्यानं बघितलंसुद्धा नाही. पुलापुढचा सगळा चढ मला समोर फक्त त्याची मान दिसत होती, आणि ती गाठ.

मैदानाचं फाटक ओलांडलं तेव्हा वळला.

"आता दे खुर्ची," म्हणाला.